सोलापूरच्या उन्हात झेब्रा डॅनिओ

दुकानदार 'व्हाइट क्लाउड' हा काटक मासा म्हणून गळ्यात मारतात. काटक खरा, पण थंडीला. त्याला १६ ते २२ अंश पाणी मानवतं. मे महिन्यात ४० पार जाणाऱ्या सोलापुरात तो तग धरत नाही. इथे घ्यावा तो आपल्याच देशातला झेब्रा डॅनिओ. थव्यात राहणारा मासा, म्हणून किमान ८ घ्या; दोन-तीनच ठेवले तर एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. टाकी अडीच फूट लांब असावी, आणि झाकण हवंच, नाहीतर सकाळी मासा फरशीवर सापडतो.

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून बदलायचं पाणी आधीच बादलीत भरा आणि २४ तास उघडं ठेवा, क्लोरीन बरंचसं उडून जातं. आठवड्याला चौथाई पाणी बदला. फिल्टरचा स्पंज मात्र टाकीतल्याच पाण्यात पिळा. नळाखाली धुतला की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढतो.

उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून आले तर एअरपंप लावा, छोटा पंखा पाण्यावर फिरवा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका, एकदम फरक सोसत नाही.

अंगणातल्या नव्या सिमेंटच्या हौदात लगेच मासे सोडू नका. चुना उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे पाणी भरून ओतत राहा. निम्म्या हौदावर सावली हवी.