रविवार आणि संगणकाची डागडुजी

शनिवारी रात्री घरच्या संगणकावर विंडोज १० चे अपडेट सुरू असतानाच वीज गेली आणि आज सकाळपासून स्टार्ट मेनू उघडेनासा झाला. फॉरमॅट करण्याचा सल्ला दोघांनी दिला, पण आईच्या पेन्शनची कागदपत्रे त्याच ड्राइव्हमध्ये असल्याने आधी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच दुरुस्तीला हात घातला.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा दिली, तेव्हा बिघडलेल्या फाइली सापडल्या, परंतु त्यांतील काही दुरुस्त करता आल्या नाहीत, असे उत्तर आले. याचे कारण असे की ही आज्ञा खराब फाइलच्या जागी संगणकातच साठवलेली चांगली प्रत आणून ठेवते, आणि माझ्याकडे तो साठाच बिघडलेला होता. म्हणून ‘डिझम’ या विंडोजमधल्याच दुरुस्तीच्या साधनाची ‘रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा चालवावी लागली, जी इंटरनेटवरून निरोगी फाइली आणून तो साठा पूर्ववत करते. मधेच आकडा ६२ टक्क्यांवर इतका वेळ अडून राहिला की खिडकी बंद करण्याचा मोह झाला (सुदैवाने तेवढ्यात चहा आला). त्यानंतर पुन्हा ‘एसएफसी’ चालवले, या वेळी सर्व फाइली दुरुस्त झाल्या आणि संगणक रीस्टार्ट केल्यावर स्टार्ट मेनू पहिल्याच क्लिकला उघडला. यूपीएसची बॅटरी मात्र अजून बदलायची आहे.