दोघींचं इंजिन 1798 सीसी

रविवारी इन्शुरन्सचे कागद शोधत होतो, तर दोन्ही गाड्यांची लॉगबुकं (म्हणजे इथली आरसी बुकं) एकदम हातात आली आणि बघतो तर च्यायला, दोन्हीवर आकडा एकच, 1798 सीसी! एक 1972 ची एमजीबी आणि दुसरी 2019 ची कोरोला हायब्रिड, वॅगनवाली. दोघी इंग्लंडच्याच, जुनी ॲबिंग्डनची आणि नवी आमच्या डर्बीजवळच्या बर्नास्टनची. (पुण्यात एमजी म्हटलं की लोकांना हेक्टर आठवते नाहीतर कॅम्पातला रोड, ही त्यातली नाही, ही बुटकी, दोन सीटची, कापडी टपाची.)

पोराला वाटतं स्पोर्ट्स कार म्हणजे सुसाट. कसलं काय! 60 मैलांचा स्पीड गाठायला एमजीबीला 12 सेकंद लागतात, तेही ती मूडमध्ये असेल तर, आणि कोरोला चारेकशे किलो जास्त वजनाची असून 11 च्या आसपास उरकते. सिग्नलला बायकोने मला मागे टाकलंय, वर टाटा पण केला.

पण एमजीबीत 40 ला सुद्धा पोटात गोळा येतो. बूड रस्त्यापासून वीतभर वर, पॉवर स्टिअरिंग नाही त्यामुळे पार्किंग करताना घाम निघतो, पण मॅटलॉकच्या वळणांवर रस्त्यातला खडा न खडा हाताला कळतो. सकाळी चोक ओढायचा आणि दोन्ही कार्ब्युरेटर नीट जागे होईपर्यंत लाडीगोडी लावत बसायचं. कोरोलाचं बटण दाबलं की इंजिन चालू आहे का बंद तेच कळत नाही, 70 ला पण घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं.

खर्चाचं म्हणाल तर 40 वर्षांवरची म्हणून जुनीला रोड टॅक्स माफ, पण 2021 पासून इथलं साधं पेट्रोल ई10 झालंय, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं म्हणून महागडं सुपर भरा, आणि वर ॲव्हरेज लिटरला जेमतेम 9-10 किलोमीटर. कोरोला 20 देते.

मागच्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आलेली, तिला एमजीबीतून चक्कर मारून आणली. उतरता येईना, दोन्ही हात धरून ओढून काढावं लागलं. म्हणाली, "एवढे पैसे घेतले आणि धड टप पण नाही दिला होय रे?"

परत जाताना चार बॅगा होत्या म्हणून कोरोलाच काढली. मी डिकी भरतोय आणि आई मागून विचारते, "ती उघडी नाही का काढत?"