पॅरिसात पेर शोधताना

लूव्रची लाईन बघितली आणि आम्ही सरळ कल्टी मारली, आणि खरं सांगू, बरंच झालं, कारण तिथून पाच-सात मिनिटं चाललं की गालरी वेरो-दोदा लागते, १८२६ सालची, वर काच, खाली काळ्या-पांढऱ्या फरश्या, आणि त्या वेळी अख्ख्या गल्लीत मी नि बायको दोघंच. आता तिथे जुन्या वस्तू नि महागड्या चपला मिळतात. १८३० च्या सुमारास मात्र इथे ओबेरचं चित्रांचं दुकान होतं. हा ओबेर शार्ल फिलिपाँचा मेव्हणा, आणि फिलिपाँ म्हणजे 'ला कारिकात्यूर' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढणारा. राजा लुई-फिलिपची टिंगल करणारं चित्र काचेत लागलं की बाहेर ही गर्दी, पेपर परवडत नाही ते फुकटात हसून जायचे.

१८३१ च्या नोव्हेंबरात राजाचा अपमान केला म्हणून फिलिपाँवर खटला झाला तर या पठ्ठ्याने भर कोर्टात चार चित्रं काढून दाखवली, पहिलं हुबेहूब राजा, मग जरा कमी, मग अजून कमी, चौथं चक्क पेर, म्हणजे नासपतीचं फळ! आता बोला, गुन्हा नेमका कुठल्या चित्रापासून सुरू होतो? सहा महिने जेल नि २००० फ्रँक दंड झालाच, पण पोरं पॅरिसभर भिंतींवर पेर काढत सुटली. पुढे १८३४ मध्ये त्याच्याच 'शारिवारी' या दुसऱ्या पेपरने स्वतःविरुद्धचा निकाल छापला तोही पेराच्या आकारात. काय माणूस आहे राव!

दुपारी म्युझे दोर्से हे संग्रहालय. तिथे फिलिपाँचा व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने केलेले ३६ छोटे अर्धपुतळे, बहुतेक खासदारांचे, वीतभर उंच, कच्च्या मातीचे, रंगवलेले, आपल्या शाडूच्या गणपतीसारखे न भाजलेले, त्यामुळे बघतानाही हात मागे बांधून उभं राहावंसं वाटतं. एकाचं नाक, एकाची हनुवटी, बास, माणूस संपला. राजाला नोटा... नाही, नाण्यांच्या टोपल्या गिळणारा राक्षस दाखवला म्हणून दोमिएलाही सहा महिन्यांची शिक्षा झाली होती.

संध्याकाळी बायकोला रू बोबूरला ओढत नेलं. या रस्त्याच्या एका तुकड्याचं नाव तेव्हा रू त्रान्सनोनँ होतं. एप्रिल १८३४ मध्ये सैनिकांनी इथल्या एका घरात घुसून झोपेतल्या लोकांना मारलं. दोमिएने ते काढलं तेव्हा ना पेर ना नाक, विनोदच नाही. सरकारने ते चित्र ज्यावरून छापायचे तो दगडच जप्त केला, आणि १८३५ च्या कायद्याने चित्र छापायच्या आधीच परवानगी सक्तीची झाली.

'इथे काय बघायचंय?' म्हणाली. बघायला काहीच नव्हतं, बस, सायकली. मी मोबाईलवर चित्र दाखवलं, पलंगाशी पडलेला नाईटशर्टातला माणूस. तिने बोटांनी झूम केलं.

'याच्या खाली... बाळ आहे का हे?'