स्पॅनिशमधले राजकारणाचे शब्द: आधी देश ठरवा, मग यादी करा

राजकीय शब्दांच्या तयार याद्या पाठ करून स्पॅनिश वर्तमानपत्र वाचता येत नाही. ही भाषा विसेक देशांत चालते आणि प्रत्येकाची राज्यव्यवस्था निराळी, त्यामुळे एकाच पदाला चार नावं. महापौर स्पेन, चिली, कोलंबियात ‘आल्काल्दे’, अर्जेंटिनात ‘इन्तेन्देन्ते’, मेक्सिकोत ‘प्रेसिदेन्ते मुनिसिपाल’. मतपत्रिका स्पेनमध्ये ‘पापेलेता’, मेक्सिकोत ‘बोलेता’, कोलंबियात ‘तार्खेतोन’. राजीनामा द्यायला स्पेनमध्ये ‘दिमितीर’, अटलांटिकपलीकडे बहुतेक ठिकाणी ‘रेनुन्सिआर’. सगळं एकदम शिकायला गेलं की खिचडी होते. एक देश निवडा आणि पहिले काही महिने त्याच्याच बातम्या वाचा.

‘प्रेसिदेन्ते’ या शब्दावर जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. मेक्सिकोत तो राष्ट्राध्यक्ष. स्पेनमध्ये राष्ट्रप्रमुख राजा आहे, आणि ‘प्रेसिदेन्ते देल गोबिएर्नो’ म्हणजे पंतप्रधान. शिवाय तिथल्या १७ स्वायत्त प्रदेशांना प्रत्येकी एक प्रेसिदेन्ते आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनाही एकेक. म्हणून शब्दापाशी न थांबता त्यानंतरचं ‘दे’ किंवा ‘देल’ (म्हणजे ‘-चा’) कशाला जोडलंय ते बघायचं.

सुटं नाम शिकण्यात फारसा अर्थ नाही, त्याच्याबरोबरचं क्रियापद आणि उपपद हवंच. निवडणूक एकच असली तरी शब्द बहुधा अनेकवचनी येतो: ‘एलेक्सिओनेस’. निवडणूक जाहीर करणं ‘कोन्वोकार एलेक्सिओनेस’, उपपदाशिवाय. जिंकणं मात्र ‘गानार लास एलेक्सिओनेस’, इथे ‘लास’ गाळलं की कानाला खटकतं. सरकार बनवणं ‘फोर्मार गोबिएर्नो’, पुन्हा उपपद नाही. याला सरळसोट नियम शोधत बसू नका, अख्खा शब्दसमूह तोंडात बसवा. ‘अमक्याला मत देणं’ यासाठी स्पेनमध्ये ‘वोतार आ’ जास्त ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत ‘वोतार पोर’, दोन्ही बरोबर.

‘निवडून आलेला’ यासाठी दोन रूपं आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. ‘प्रेसिदेन्ते एलेक्तो’ म्हणजे जिंकलेला, पण अजून पदभार न घेतलेला. ‘निवडला गेला आहे’ असं क्रियापद हवं तेव्हा ‘आ सिदो एलेखिदो’. तिथे ‘एलेक्तो’ चालत नाही.

सरावासाठी स्पेनमधली अविश्वास ठरावाची बातमी उत्तम. ‘मोसिओन दे सेन्सुरा’ मांडायला ३५० पैकी किमान एक दशांश, म्हणजे ३५ ‘दिपुतादोस’ (कनिष्ठ सभागृहाचे खासदार) लागतात, आणि ठरावातच पुढच्या पंतप्रधानाचं नाव द्यावं लागतं. मंजुरीला ‘मायोरिआ आब्सोलुता’, म्हणजे १७६ मतं. १ जून २०१८ ला पंतप्रधान मारिआनो राखोय अशाच ठरावाने गेले आणि पेद्रो सांचेस आले: १८० बाजूने, १६९ विरोधात, १ तटस्थ. त्या दिवसाची एकच बातमी घेतली तरी ‘आ फावोर’, ‘एन कोन्त्रा’, ‘आब्स्तेन्सिओन’, ‘एस्कान्यो’ (संसदेतली जागा) हे सगळं एका धाग्यात सापडतं. ‘इन्वेस्तिदुरा’ची, म्हणजे नव्या पंतप्रधानाला संसदेने मतदानाने मंजुरी देण्याची बातमी याच्या जोडीला वाचा. पहिल्या फेरीत १७६ मतं नाही मिळाली, तर ४८ तासांनी दुसरं मतदान होतं आणि तेव्हा ‘मायोरिआ सिंप्ले’, म्हणजे विरोधापेक्षा बाजूने जास्त मतं, पुरते. ही पायरी माहीत नसेल तर दोन मथळे एकमेकांना खोटं पाडताहेत असं वाटतं.

एका बैठकीला दीडेकशे शब्दांची एक बातमी आणि त्यातून आठ-दहा कार्डं, एवढं पुरे. कार्डावर पूर्ण शब्दसमूह, उपपद आणि देश लिहा. मूळ रोमन स्पेलिंगच लिहा, देवनागरी नको. कारण मत देणं (votar) आणि फेकून देणं (botar) या दोन क्रियापदांचा उच्चार अगदी एक, ‘बोतार’ (वर ‘वोतार’ लिहिलं ते स्पेलिंगप्रमाणे); वेगळं आहे ते फक्त पहिलं अक्षर. उजळणी मराठीकडून स्पॅनिशकडे करा. उलट दिशेने सगळं येतंय असा भास होतो.

लिंगाचा प्रश्न मराठी माणसाला सोपा जातो: ‘मिनिस्त्रो–मिनिस्त्रा’, ‘सेनादोर–सेनादोरा’. ‘-इस्ता’ने संपणारे शब्द दोन्हीकडे तेच राहतात. ‘ला पोलितिका’ तेवढं जपून: राजकारण, धोरण आणि स्त्री राजकारणी, तिन्ही तेच. ‘पार्तीदो’ म्हणजे पक्ष आणि सामनाही. ‘ओपोसिसिओन’ विरोधी पक्ष, पण स्पेनमध्ये अनेकवचनी ‘ओपोसिसिओनेस’ दिसलं तर ती बहुधा सरकारी नोकरीची स्पर्धा परीक्षा असते.

मथळ्यांत सरकारऐवजी इमारत बोलते, हेही ठाऊक हवं. स्पेनची ‘ला मोन्क्लोआ’, अर्जेंटिनाची ‘ला कासा रोसादा’, कोलंबियाची ‘कासा दे नारिन्यो’, चिलीची ‘ला मोनेदा’. ‘मोनेदा’ म्हणजे नाणंही. पण ते आरोप फेटाळत असेल, तर सान्तियागोतल्या राष्ट्राध्यक्ष भवनाबद्दल चाललंय.