जपानी कंपनीत निर्णय बैठकीच्या आधी होतो

पुण्यातील अनेक कंपन्या जपानी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर किंवा वाहनांचे सुटे भाग तयार करतात आणि अशा कामांत दोन्ही बाजूंचा समन्वय साधणे हा माझा व्यवसाय आहे. बैठक चांगली झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या, तरी तीन आठवडे उत्तर का नाही, हा प्रश्न मला आपल्या माणसांकडून सर्वाधिक वेळा विचारला जातो. त्यामागे जपानी माणसाचा संकोच किंवा भाषेची अडचण असावी असे गृहीत धरले जाते. माझ्या मते खरे कारण बहुतेक वेळा त्या कंपनीतील निर्णयाच्या प्रक्रियेत असते आणि ती समजली की त्या तीन आठवड्यांत आपण काय करायला हवे, हेही कळते.

आपण बैठकीकडे निर्णयाची जागा म्हणून पाहतो. जपानमधील मोठ्या, जुन्या कंपन्यांत मात्र बैठकीत बहुधा आधीच जुळलेल्या मतांवर शिक्कामोर्तब होते. प्रस्ताव मांडण्यापूर्वी संबंधित प्रत्येक विभागातील माणसाला स्वतंत्रपणे भेटून त्याच्या शंका, हरकती आणि अटी समजून घेतल्या जातात. याला नेमावाशी म्हणतात. त्यानंतर रिंगीशो नावाचा लेखी प्रस्ताव तयार होतो. तो अनेकदा खालच्या किंवा मधल्या फळीतील, ते काम प्रत्यक्ष सांभाळणारा कर्मचारी लिहितो. मग तो कागद काचो (उपविभागप्रमुख), बुचो (विभागप्रमुख) अशा अधिकाऱ्यांकडे पायरीपायरीने वर जातो, खरेदी, गुणवत्ता, लेखा अशा शेजारच्या विभागांतूनही फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपल्या नावाचा शिक्का, म्हणजे हानको, उमटवतो. २०२० मध्ये प्रशासकीय सुधारणा मंत्री कोनो तारो यांनी सरकारी कामकाजातून हे शिक्के हटवण्याची मोहीम हाती घेतली आणि अनेक कंपन्यांतही आता मंजुरी संगणकावर दिली जाते. कागद गेला, तरी पायऱ्या मात्र बऱ्याच ठिकाणी त्याच राहिल्या आहेत.

हे ध्यानात घेतले की बैठकीत कोणाकडे लक्ष द्यायचे, हेही बदलते. आपले लोक सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे पाहून बोलतात. टेबलाच्या टोकाला बसून टिपणे काढणारा, क्वचितच बोलणारा तरुण अभियंता त्यांच्या नजरेतून सुटतो, आणि पुढे आपला प्रस्ताव आत घेऊन फिरणारा बहुधा तोच असतो. खरेदी विभाग त्याला विचारणार की हाच पर्याय का, दुसरे कोणते पाहिले. गुणवत्ता विभाग विचारणार की बिघाड झाल्यास कोण, किती वेळात दुरुस्त करणार. या प्रश्नांची लेखी उत्तरे, पर्यायांची तुलना आणि जोखमींची प्रामाणिक यादी आपण त्याच्या हाती दिली, तर त्याचे काम सोपे होते आणि आपलेही. याउलट ज्येष्ठ अधिकाऱ्याला बैठकीतच ‘हो की नाही’ असे विचारणे म्हणजे त्याला सर्वांसमोर अडचणीत आणणे होय. खालून न आलेल्या गोष्टीला एकट्याने होकार देणे त्याच्या रीतीत बसत नाही.

या संथपणाची दुसरी बाजूही आहे. एकदा मंजुरी मिळाली की काम झपाट्याने पुढे सरकते, कारण विरोध होऊ शकेल अशा प्रत्येकाशी आधीच बोलणे झालेले असते. नेमके याच टप्प्यावर आपण एखादा ‘छोटासा बदल’ सुचवतो. आपल्याला तो अर्ध्या दिवसाचा वाटतो. पण मंजूर झालेल्या मजकुरात तो बसत नसेल, तर ग्राहकाच्या माणसाला तीच फेरी पुन्हा मारावी लागते.

वाईट बातमीचेही असेच आहे. होरेनसो, म्हणजे वरिष्ठांना अहवाल देणे, संबंधितांना कळवणे आणि सल्ला घेणे, ही तिहेरी सवय जपानमध्ये नव्या कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच शिकवली जाते. १९८२ मध्ये यामाताने सिक्युरिटीज या कंपनीचे अध्यक्ष यामाझाकी तोमिजी यांनी ही कल्पना रुजवली, तेव्हा नकोशी माहितीही खालून वर मोकळेपणाने यावी, हा त्यांचा हेतू होता. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार आंदोन या इशाऱ्याच्या दिव्याची दोरी ओढतो, त्यामागेही हाच विचार आहे. आपल्याकडचा अभियंता अडचण लपवतो ती बहुधा वाईट हेतूने नव्हे. आधी सोडवू, मग सांगू, ग्राहकाला उगाच त्रास कशाला, असा त्याचा सद्भाव असतो. परंतु ज्याला पुढच्या पाच जणांना वेळेत कळवायचे असते, त्याच्यासाठी शेवटच्या दिवशी समजलेला विलंब हा केवळ विलंब राहत नाही. त्याने आपल्या भरवशावर आत दिलेला शब्दही मोडतो. म्हणून पहिल्या शंकेलाच कळवावे: काय घडले, आत्तापर्यंत काय कळले, काय अजून तपासायचे आहे आणि पुढची माहिती किती वाजता देणार. कारण नंतर सांगितले तरी चालते, पण ते सांगताना पुन्हा तसे होऊ नये यासाठी काय केले, हे लिहिलेच पाहिजे.

लेखी संवादावर माझा भर आहे, तो यासाठीही की अनेक जपानी सहकारी इंग्रजी उत्तम वाचतात, पण आपल्या वेगवान बोलण्याला तोंडी उत्तर देणे त्यांना कठीण जाते. सादरीकरण दोन-तीन दिवस आधी पाठवावे आणि बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी. बोलताना मध्ये शांतता पसरली, तर ती घाईने भरून काढू नये, आणि ‘हाय, हाय’ (जपानीत ‘हो, हो’) म्हणत डोलणारी मान केवळ ऐकत असल्याची खूण आहे, हे विसरू नये. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसे द्यावे, यावर आपल्याकडची प्रशिक्षणे फार वेळ घालवतात. ते दहा मिनिटांत शिकता येते.

हे सर्व प्रत्येक जपानी कंपनीला लागू पडत नाही. लहान कारखान्याचा मालक समोरासमोर बसून किंमत ठरवतो आणि नव्या तंत्रज्ञान कंपन्यांत तरुण संस्थापक तासाभरात उत्तर देतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत, तुमच्याकडे मंजुरी कोणाकोणाकडून घ्यावी लागते, असे नम्रपणे विचारावे. त्यात कोणालाही गैर वाटत नाही.

जपानमधील बहुतेक मोठ्या कंपन्यांचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच एप्रिल ते मार्च असते आणि अंतर्गत बदल्याही बऱ्याचदा एप्रिलमध्येच होतात. आपली बाजू जाणणारा माणूस मार्चअखेरीस दुसऱ्या विभागात जाऊ शकतो, म्हणून फेब्रुवारीतच मान्य झालेल्या सर्व गोष्टींचे एकत्रित टिपण त्याच्याकडून तपासून घ्यावे आणि नव्या माणसाबरोबरची पहिली बैठक शक्यतो तो जुना सहकारी हजर असतानाच ठरवावी.