जर्मनीत पत्ता नोंदवेपर्यंत

जर्मनीला जायचं म्हटलं की सगळे व्हिसाचं विचारतात. व्हिसाची यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर असते. ती शब्द न् शब्द वाचली की भागतं. माझ्या मते खरी कसोटी त्यानंतर येते, आन्मेल्डुंगच्या वेळी. आन्मेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. कर क्रमांक, बरीचशी बँक खाती, पुढचा राहण्याचा परवाना, सगळं या नोंदीपाशी येऊन थांबतं. आणि तिची निम्मी तयारी पुण्या-मुंबईत असतानाच करावी लागते.

नियम असा: घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, नोंद करायची. न केल्यास 1000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोठ्या शहरांत बरेचदा दोन आठवड्यांतली भेटीची वेळच मिळत नाही. अशा वेळी मिळेल ती पुढची तारीख घ्यायची आणि ती मुदतीत घेतल्याचा ईमेल जपून ठेवायचा. रद्द झालेल्या वेळा सकाळी कार्यालय उघडताना संकेतस्थळावर दिसतात, त्यामुळे रोज सकाळी डोकावलं तर बरेचदा लवकरची मिळते.

नोंदीला लागणारा मुख्य कागद म्हणजे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, घर देणाऱ्याचा दाखला. नाव लांबलचक, पण कागद एक पानाचा: घर देणाऱ्याचं नाव आणि सही, पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. फसगत होते ती इथेच. पहिल्या महिन्यासाठी भारतातूनच फर्निचरसकट खोली घेतली जाते आणि तिथे पोचल्यावर मालक म्हणतो, इथे नोंद होणार नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारायचा: आन्मेल्डुंग शक्य आहे का? उत्तर गोलमोल आलं तर ती जागा सोडून द्यायची, कितीही स्वस्त असली तरी. पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मूळ भाडेकरू सही करू शकतो. घर न दाखवता अनामत मागणाऱ्याला मात्र एक युरोही पाठवू नये. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कल्टमीटेएवढी असते, म्हणजे हीटिंग वगैरेचा खर्च सोडून जे भाडं असतं त्याच्या तिप्पट; आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायची मुभा कायद्याने आहे.

आता नावाचा घोळ. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी पद्धत. पासपोर्टात मधलं नाव गिव्हन नेमच्या रकान्यात असेल, तर जर्मन दप्तरात तेही तुमचंच पहिलं नाव म्हणून चढतं. ते बदलत बसू नका. विमानाचं तिकीट, नोकरीचा करार, विमा, बँक सगळीकडे पासपोर्टात आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. खटकतं ते तीन कागदांत तीन नावं असली की. बायकोच्या पासपोर्टावर माहेरचं नाव असेल तर ते चालतं, फक्त विवाह प्रमाणपत्रात दोघांची नावं पासपोर्टाशी जुळायला हवीत. मुलांच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा नाही ना, हे आधी पाहा. दवाखान्यातून नोंद होताना नाव ठरलेलं नसल्याने तो बरेचदा कोराच राहतो. जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र इंग्रजी-मराठी दोन्हीतलं घ्या. जर्मनीत शपथबद्ध अनुवादकाचाच अनुवाद मानतात आणि मराठीचे असे अनुवादक मोजकेच आहेत. इंग्रजी मजकूर असेल तर इंग्रजीचा अनुवादक चालतो, तो कुठेही मिळतो.

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून आपल्या सरकारने मारलेला शिक्का. त्याबद्दल एजंट हमखास चुकीचं सांगतात. भारत अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतलेला असल्यामुळे तो शिक्का तिथे उपयोगाचा नाही. त्यावर खर्च करण्याआधी कागद मागणाऱ्या कार्यालयालाच विचारा.

सामानाचं थोडक्यात. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा तूप आणि पेढे घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि हापूस यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेही विसरा. भाजून दळलेला गोडा मसाला आणि मेतकूट खुशाल न्या. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर चालतो. फक्त तीन पिनांसाठी अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्या. कुकरच्या तळाला चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर इंडक्शनच्या शेगडीवर तो तापणारच नाही. जादा रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जरूर टाका.

नोंदीच्या खिडकीवर काम जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं. सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, घरमालकाचा कागद, विवाह आणि जन्माचे दाखले अनुवादासकट समोर ठेवायचे. अर्जात धर्माचा रकाना असतो. तो सहज भरायचा नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्च कर लागू होतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत 8, बाकी राज्यांत 9. गोव्याच्या मंडळींनी हे ठाऊक ठेवूनच सही करावी. हिंदूंना हा कर नाही. निघताना नोंदीचा छापील कागद हातात मिळतो. त्यावरची स्पेलिंग तिथेच, खुर्चीतून उठण्याआधी तपासा. तीच स्पेलिंग पुढे सगळीकडे जाते.

घरी येऊन पहिलं काम: टपालपेटीवर आणि घंटीवर घरातल्या प्रत्येकाचं आडनाव चिकटवायचं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि काही आठवड्यांत येणारा अकरा आकडी कर क्रमांक पत्रानेच येतो. तो वेळेत दिला नाही तर कंपनी सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त दराने, कर कापू शकते. जादा गेलेले पैसे पुढे परत मिळतात, पण पहिला पगार हातात बराच कमी येतो. पगारातून किती कर कापायचा ते हा वर्ग ठरवतो. जोडीदार अजून भारतातच असेल तर साधारण पहिला वर्ग लागतो. दोघेही तिथे नोंदवले गेलात की चौथा, आणि एकाचंच उत्पन्न असेल तर तिसरा-पाचवा (कमावणाऱ्याला तिसरा, दुसऱ्याला पाचवा) अर्ज करून मागावा लागतो.

त्याच पेटीत आणखी एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं: दर घरामागे महिना 18.36 युरो. अनेकांना ती फसवणूक वाटते आणि पत्र टोपलीत जातं. ते खरं असतं. घरी टीव्ही नसला तरी भरावं लागतं, आणि एकाच घरात चौघे राहत असतील तर एकानेच.