मेंटॉरिंगची ऑनलाइन बुकिंग: आधी ‘रद्द करा’चं बटण

संस्थेच्या मेंटॉरिंग, म्हणजे विद्यार्थ्यांना अनुभवी माणसांकडून मार्गदर्शन देण्याच्या, कार्यक्रमासाठी बुकिंगची व्यवस्था करायची ठरली की पहिली बैठक बहुधा लोगो, रंग आणि मेंटॉरचे फोटो कुठे लावायचे यातच संपते. त्याआधी कागदावर एक गुणाकार करावा. समजा, ३० मेंटॉर महिन्याला प्रत्येकी दोन तास देणार आहेत. ४५ मिनिटांचं सत्र आणि त्यानंतर १५ मिनिटं मोकळी धरली, तर महिन्याला ६० सत्रं होतात. विद्यार्थी १८० असतील तर प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांतून एकदा. कुठलंही सॉफ्टवेअर आणलं तरी हा आकडा वाढत नाही, पण ढिसाळ व्यवस्थेने तो बघता बघता घटतो. बारा जण न सांगता गैरहजर राहिले की साठाची अठ्ठेचाळीस झाली. दोघांना एकच वेळ दिली जाण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती चूक लगेच दिसतेही. रिकामी गेलेली वेळ मात्र कुणालाच दिसत नाही. त्यामुळे वेळ घेण्यापेक्षा वेळ सोडणं सोपं हवं, आणि आराखडा तिथूनच काढायला घ्यावा.

आठवण करून देणारे दोन संदेश पुरतात: एक २४ तास आधी, दुसरा दोन तास आधी. पहिल्या संदेशात दोनच बटणं ठेवा, ‘येणार’ आणि ‘जमणार नाही’. कारण विचारू नका. कारणाची रकानाभर जागा दिसली की मुलं संकोचतात, संदेश बंद करतात आणि सरळ गैरहजर राहतात. संदेशात ‘उद्या’ लिहू नका; रात्री पाठवलेला संदेश सकाळी वाचला की दिवसाचा घोळ होतो. वार, तारीख आणि ‘सायंकाळी ५:००’ असं पूर्ण लिहा.

‘रद्द करा’च्या दुव्यात एक सापळा हमखास असतो. दुवा उघडताक्षणी बुकिंग रद्द होईल असं केलं, तर माणसाने बोट लावण्याआधीच ते रद्द होऊ शकतं: ऑफिसच्या ईमेलमधले सुरक्षा स्कॅनर अनेकदा येणारा दुवा आधी स्वतः उघडून बघतात, आणि चॅट अ‍ॅपही झलक दाखवण्यासाठी तेच करतात. म्हणून दुव्याने फक्त पान उघडावं आणि रद्द करण्याचं काम त्या पानावरच्या बटणाने, ‘पोस्ट’ विनंतीने (म्हणजे बटण दाबल्यावरच सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीने) व्हावं. त्या पानासाठी लॉगिन मागू नका. दुव्यातच अंदाज न लावता येणारा लांब टोकन, म्हणजे अक्षर-अंकांची खूण, असू द्या.

माध्यमाचं गणितही आधीच मांडून ठेवा. मराठी एसएमएस देवनागरीत गेला की एका भागात इंग्रजीसारखी १६० नव्हे, ७० अक्षरंच बसतात, आणि संदेश लांबला तर प्रत्येक भागात ६७. यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्लॉट’ (सत्राची ठरलेली वेळ) हा शब्दच पाच जागा खातो. एसएमएस सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत संदेश पाठवायचे तर डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते. नोंदवलेल्या नमुन्यापेक्षा मजकूर वेगळा पडला तर संदेश अडकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक सेवेत समोरच्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तास उलटले की फक्त आधी मंजूर झालेला नमुनाच पाठवता येतो. आठवणीचे संदेश जवळजवळ नेहमी या मुदतीबाहेरच पडतात, तेव्हा नमुन्यांच्या मंजुरीचं काम सॉफ्टवेअर तयार होण्याची वाट न बघता सुरू करा.

सुटलेली वेळ कुणाला द्यायची? सत्राला २४ तासांहून जास्त अवधी असेल तर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला दोन तासांची मुदत द्या, मग पुढच्याला. रात्री दहा ते सकाळी आठ हे तास मुदतीत धरू नका. सत्र सहा तासांवर आलं असेल तर पहिल्या पाच जणांना एकदम कळवा. जो आधी घेईल त्याची वेळ. यादीतल्या सगळ्यांना एकदम संदेश पाठवण्याचा मोह टाळावा. दीडशे मुलांनी धावत यायचं आणि एकालाच वेळ मिळायची, असं दोनदा झालं की पुढचे संदेश कुणी उघडत नाही.

स्लॉट साठवू नका, हिशेबाने काढा

पुढच्या सहा महिन्यांचे सगळे स्लॉट आधीच तयार करून टेबलात भरून ठेवणं ही सुरुवातीला सोपी वाटणारी पण पुढे महाग पडणारी रीत. मेंटॉरने शनिवारचा रविवार केला की शेकडो ओळी दुरुस्त करत बसावं लागतं. त्यापेक्षा तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: साप्ताहिक नियम (दर शनिवारी ६ ते ८), अपवाद (दिवाळीच्या आठवड्यात नाही) आणि झालेल्या बुकिंग. कुणी पान उघडलं की पहिल्यातून उरलेली दोन वजा करून मोकळ्या वेळा दाखवायच्या. फक्त पुढचे १४ दिवस दाखवा. महिनाभर आधी घेतलेली वेळ विसरली जाते.

बुकिंगच्या अवस्था पाच पुरतात: राखीव, पक्की, रद्द, झाली, गैरहजर. राखीव म्हणजे विद्यार्थी फॉर्म भरत असताना त्या वेळेवर दहा मिनिटं टाकलेला रुमाल.

एकाच क्षणी दोघांनी तीच वेळ दाबली तर? ‘आधी तपासा, मग नोंदवा’ असा कोड इथे पुरत नाही, कारण दोघांचीही तपासणी नोंदणीच्या आधी पार पडते. अडवायचं काम डेटाबेसचंच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मेंटॉर तोच आणि कालावधी एकमेकांवर चढणारे अशा दोन ओळींना बंदी घालणारा एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतो; त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) सुरू करावं लागतं. अट राखीव आणि पक्क्या बुकिंगपुरतीच ठेवा. कालावधी सुरुवात धरून आणि शेवट सोडून नोंदवा, म्हणजे ७ ला संपणारं आणि ७ ला सुरू होणारं सत्र भांडणार नाहीत. मधली १५ मिनिटंही त्या कालावधीतच धरा. या कन्स्ट्रेंटच्या अटीत ‘आत्ताची वेळ’ वापरता येत नाही, त्यामुळे मुदत संपलेलं आरक्षण आपोआप बाजूला होत नाही. नवी नोंद करताना डेटाबेसच्या त्याच व्यवहारात (एकत्रच पार पडणाऱ्या कामात) आधी जुनी मेलेली आरक्षणं काढावी लागतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असा कन्स्ट्रेंट नाही. तिथे स्लॉट ठरावीक लांबीचे ठेवून मेंटॉर, सुरुवातीची वेळ आणि ‘चालू’ अशा तीन रकान्यांवर युनिक इंडेक्स (तीच नोंद दोनदा होऊ न देणारी अट) लावा. बुकिंग रद्द झाली की ‘चालू’ रकाना शून्य नव्हे तर रिक्त म्हणजे ‘नल’ करा. नल कितीही चालतात, त्यामुळे तीच वेळ पुन्हा देता येते.

तालुक्याच्या गावात नेटवर्क अधूनमधून जातं. बटण दाबलं, नोंद झाली, पण उत्तर फोनपर्यंत पोचलंच नाही. मुलगी पुन्हा दाबते. फॉर्म उघडतानाच प्रत्येक विनंतीला एक वेगळी किल्ली द्या आणि तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत पाठवा. ‘माझ्या वेळा’ हे पान हलकं ठेवा, फोटोंशिवाय.

न्यू जर्सीची सकाळ

मराठी मेंटॉर अमेरिकेत, जर्मनीत पुष्कळ असतात आणि हौसेने वेळ देतात. त्यांच्यामुळे वर्षातून दोनदा घड्याळाचा गोंधळ ठरलेला. न्यू जर्सीतल्या मेंटॉरची शनिवार सकाळची ७:३० ही वेळ हिवाळ्यात आपल्याकडे सायंकाळी ६:०० असते, तर उन्हाळ्यात ५:००. २०२६ मध्ये अमेरिकेतली घड्याळं ८ मार्चला पुढे सरकतात, युरोपातली २९ मार्चला. म्हणजे ७ मार्चचं सत्र सहाला आणि १४ मार्चचं पाचला, जेव्हा विद्यार्थी अजून क्लासमध्येच आहे. जर्मनीतल्या मेंटॉरची वेळ मात्र आणखी दोन आठवडे जुनीच राहते.

साप्ताहिक नियम स्थानिक वेळ आणि ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असं वेळेच्या क्षेत्राचं नाव मिळून साठवा. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा ‘उणे पाच तास’ असा फरक साठवला तर मार्चमध्ये तो चुकणारच. पक्की बुकिंग यूटीसीत ठेवा. मेंटॉरला नोंदणीतच विचारा: वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे कायम ठेवायची की भारताच्या? बहुतेक जण भारताच्या म्हणतात, पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. कॅलेंडरची फाइल पाठवत असाल तर वेळ बदलल्यावर तोच यूआयडी (फाइलमधली सत्राची ओळख) ठेवून आवृत्तीचा क्रमांक एकने वाढवा, नाहीतर मेंटॉरच्या कॅलेंडरात जुनी आणि नवी दोन्ही सत्रं दिसत राहतात. शीर्षकात मुलाचं नाव किंवा प्रश्न लिहू नका. ऑफिसचं कॅलेंडर सहकारी बघू शकतात. ‘मेंटॉरिंग सत्र’ एवढं पुरे.

फोन कुणाचा, मूल कोण

मोबाइल नंबरलाच विद्यार्थ्याची ओळख धरू नये. नंबर वडिलांचा असतो, त्यावर दोन भावंडं नोंदवलेली असतात, आणि वसतिगृहात एका फोनवर चौघी. खात्याला स्वतंत्र क्रमांक द्या, आणि ओटीपीनंतर ‘कोण बोलतंय?’ म्हणून नावं दाखवा. एका वेळी एकच आगामी बुकिंग, ही मर्यादा खात्यावर लावा. नंबरवर लावली तर धाकट्या बहिणीला वेळच मिळत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना त्यात मनाई आहे. अकरावी-बारावीची मुलं यात येतात, म्हणून बुकिंगच्या पानावर जाहिरातींचे ट्रॅकर नकोत. व्हिडिओचा दुवा संस्थेच्या खात्यातून तयार व्हावा, समन्वयकाला कधीही आत येता यावं, आणि मेंटॉर व विद्यार्थी यांचे नंबर एकमेकांना दिसू नयेत. झूमच्या मोफत खात्यात ४० मिनिटांनी सत्र तुटतं, हे ४५ मिनिटं ठरवताना लक्षात असू द्या. गूगल मीटवर दोघांच्या संभाषणाला ती अडचण येत नाही.

मेंटॉर निवडायचा अधिकार मुलांना द्यावा का? पहिल्या सत्राला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपनीचं नाव असलेले तीन मेंटॉर महिनाभर भरलेले आणि बाकीचे सत्तावीस रिकामे, हे चित्र त्यातून तयार होतं. विषय आणि वेळ मुलाने निवडावी. त्यात बसणाऱ्यांपैकी ज्याची सत्रं कमी झाली आहेत तो मेंटॉर व्यवस्थेने द्यावा. दुसऱ्या सत्रापासून ‘याच मेंटॉरशी पुन्हा’ हा पर्याय मात्र हवाच, कारण ओळख जमल्याशिवाय मेंटॉरिंग होत नाही.

मागणी वर्षभर सारखी नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा सगळं शांत. मे महिन्यात निकाल लागतो आणि पुढे सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांत कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायला मोजकेच दिवस मिळतात. एरवी शहाणपणाचा असलेला ‘किमान २४ तास आधी बुकिंग’ हा नियम तेव्हा मुलाच्या मुळावर येतो. हे आकडे कोडमध्ये न गाडता समन्वयकाला तारखेनुसार बदलता येतील असे ठेवा, आणि त्या आठवड्यांत २० मिनिटांची झटपट सत्रं उघडा.

मेंटॉर दहाच्या आत असतील तर यातलं काहीच बांधू नका. गूगल कॅलेंडरची अपॉइंटमेंटची सोय किंवा कॅल डॉट कॉम ही तयार बुकिंग सेवा घ्या. गूगल फॉर्म मात्र यासाठी नाही: एकाने निवडलेला पर्याय तो दुसऱ्यासाठी काढून टाकत नाही.

गैरहजेरीत मेंटॉरची गैरहजेरी जास्त महागात पडते. ताटकळलेला विद्यार्थी सहसा तक्रार करत नाही, तो पुन्हा येतच नाही. सत्र सुरू होऊन पाच मिनिटांत मेंटॉर आला नाही तर समन्वयकाच्या फोनवर संदेश जावा आणि त्या विद्यार्थ्याला यादीत सर्वांत वर जागा मिळावी. शिवाय रोज रात्री आठला दुसऱ्या दिवसाची साधी यादी, नावं, वेळा, दुवे आणि फोन नंबरांसकट, समन्वयकाच्या ईमेलवर पडू द्या. सर्व्हर झोपला तरी त्या यादीवरून दिवस चालवता येतो. यादीत मुलांचे नंबर असतात, म्हणून ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, एवढं समन्वयकाला आधीच सांगून ठेवा.